गळ्यासाठी तांबडी

गल्लीत त्यांना सगळे कप्तान म्हणत. उभ्या जन्मात त्यांनी जहाजाच्या सुकाणूला हात लावला नव्हता. हात लावला होता तो कढयांना, पातेल्यांना आणि पीठ मळायच्या परातीला. मालवाहू जहाजांवर आचारी म्हणून उमेदीची सगळी वर्षं घालवून ते कायमचे घरी परतले, तेव्हा कोपऱ्यावरच्या न्हाव्याने "या कप्तान!" म्हणत खुर्ची झटकली आणि तेच नाव चिकटलं. कप्तानांनीही ते काढून टाकायची तसदी घेतली नाही. "जहाज कशावर चालतं? पोटावर," ते म्हणायचे, "मग मी कोण झालो?"

घरात ते आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. मुलगा बंदरात क्रेन चालवायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वयंपाकघर पूर्णपणे कप्तानांच्या ताब्यात होतं आणि त्यांनी ते जहाजावरच्यासारखंच लावलं होतं. प्रत्येक डावाला हूक, प्रत्येक बरणीपुढे आडवी पट्टी. उद्या घर डुलायला लागलं असतं तरी एक चमचा खाली पडला नसता.

त्या बरण्यांमध्ये निम्म्या बरण्या तांबडीच्या. तांबडी म्हणजे समुद्रातलं लाल शेवाळ. ओहोटीला खडक उघडे पडले की ते दिसायचं. पंजासारखी फाटलेली रुंद पानं, ओली असताना चकचकीत लाल, वाळली की काळपट जांभळी. शेजारीच तिची एक बुटकी, कुरळी बहीण वाढायची. कप्तान पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, कात्री आणि गोणपाट घेऊन जायचे. उपटायचे कधीच नाहीत. बुडखा खडकाला ठेवून वरचं तेवढं कापायचे, म्हणजे पुन्हा फुटायला मोकळं. मग गोड्या पाण्यात खळखळून, त्यातल्या गोगलगाई वेचून, गच्चीवर उन्हात.

या तांबडीचं कप्तान काय करत नसत! रुंद पानं नुसती चघळायची. तव्यावर तेलात कुरकुरीत करून वाफाळत्या सुपावर चुरायची. पावाच्या पिठात मळायची. कुरळी दुधात उकळून गाळली, की दूध निवताना आपोआप खरवसासारखं धरायचं आणि वाटी हलवली तर थलथल हलायचं. खोकल्यावर मध-लिंबू घालून तिचाच काढा, सुजलेल्या गुडघ्यावर तिचाच गरम लेप, आणि जहाजावर कुणाच्या हिरड्या दुखायला लागल्या तर चघळायलाही तीच. ही सगळी त्यांच्या आईची विद्या. खलाशी आधी नाकं मुरडायचे आणि नंतर वाटी घेऊन रांगेत उभे राहायचे, हे सांगताना कप्तानांचा चेहरा उजळायचा.

एका वर्षी मुलगा डोंगराकडे धरणाच्या कामावर क्रेन घेऊन गेला. तिथे त्याचं मनगटी घड्याळ बंद पडलं. येताना तो घड्याळ दुरुस्त करवून आला आणि पुढच्या खेपेला घड्याळ दुरुस्त करणारीलाच घेऊन आला.

सूनबाई बुटकी, गोल चेहऱ्याची, कमी बोलणारी. हे काम ती वडिलांकडून शिकली होती. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून बसवताना तिचा श्वास चालू आहे की नाही हे कळायचं नाही. आणि तिच्या गळ्याला, समोरून, अक्रोडाएवढा फुगवटा होता. ती वर्षभर उंच कॉलरचे कपडे घालायची, तरी गिळताना तो वरखाली व्हायचा.

कप्तानांना तो पहिल्याच जेवणात दिसला. ते काही बोलले नाहीत. नव्या माणसाला दुखऱ्या जागी बोट लावायचं नसतं, एवढी समज त्यांना होती. पण त्यांच्या आईचे शब्द कानात वाजायला लागले. गळ्याच्या गाठीला तांबडी! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बरणी उघडली.

"हे काय आहे, बाबा?" सूनबाईने सुपात तरंगणारा चुरा बघून विचारलं.

"समुद्राचा पाला. खाऊन तर बघ."

तिने एक चमचा घेतला. डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला. "खारट आहे," ती एवढंच म्हणाली.

"होईल सवय," कप्तान खुशीत म्हणाले.

सवय झाली असावी, कारण ताटात वाढलेलं ती कधी टाकायची नाही. सुपात तांबडी, पावात तांबडी, रात्री तांबडीवर धरलेलं दूध. हमरस्त्यावरच्या घड्याळांच्या दुकानात तिला काम मिळालं, तेव्हा डब्यासोबत एक पुडीही जाऊ लागली. "काम करता करता चघळ," कप्तान सांगायचे. हिवाळ्यात तिला खोकला लागला आणि तो काढ्याने गेला. निदान काढा घेत असताना गेला. मग तर कप्तानांची छाती अशी फुगली की विचारू नका. त्यांनी पुडी मोठी केली. तिरक्या नजरेने ते रोज तिचा गळा बघायचे आणि कधी कधी त्यांना वाटायचं, उतरलाय थोडा.

गळा उतरला नव्हता. उतरायला लागली ती सूनबाई. खायची दोन माणसांचं आणि कपडे मात्र अंगावर सैल व्हायला लागले. ऐन थंडीत खिडकी उघडी टाकून बसायची. घामाने केस कपाळाला चिकटायचे. कधी आवाज न चढवणारी मुलगी, पण नवऱ्याने दार जोरात लावलं म्हणून त्याच्यावर अशी कडाडली की तो क्रेनवाला गडी दाराशीच उभा राहिला. "काही गोड बातमी असेल का?" त्याने वडिलांना हळूच विचारलं. कप्तानांना तसं वाटलं नाही. अशक्तपणा आहे, ते म्हणाले. आणि अशक्तपणाला काय द्यायचं हा प्रश्न त्यांना कधीच पडत नसे.

एक दिवस ती डबा विसरून गेली. कप्तान डबा घेऊन दुकानात गेले. काचेतून त्यांना तिचं टेबल दिसलं, पण टेबलावर दुसराच माणूस डोळ्याला भिंग लावून बसला होता. ती आत, कोपऱ्यात, घड्याळांचे पट्टे बदलत होती.

"बढती झाली वाटतं?" कप्तानांनी गंमत केली.

तिने दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती. पंख्यासमोर धरलेल्या कागदासारखी.

"एका बाईंचं जुनं घड्याळ होतं, त्यांच्या वडिलांचं," ती म्हणाली. "स्प्रिंग चिमट्यातून निसटली आणि वाकडी झाली. तशी आता मिळत नाही. बाबा, माझे हात गेले."

कप्तानांनी डबा तिथेच ठेवला, दुकानदाराला न विचारताच तिचा कोट खुंटीवरून काढला आणि तिला घेऊन तडक हॉस्पिटल गाठलं. बंदरातून मुलगाही आला.

डॉक्टर मध्यम वयाच्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी नाडी बघितली, गळा चाचपला, हात पुढे धरायला लावले, रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर सगळ्यांना आत बोलावलं.

"थायरॉईड फार जोरात चाललाय," त्या म्हणाल्या. "गाठ जुनी दिसते. मग एवढ्यातच काय झालं? खाण्यात काही नवीन? एखादं टॉनिक, काढा?"

कप्तान पुढे सरसावले. अशा प्रश्नाची ते जन्मभर वाट बघत असावेत. "टॉनिकबिनिक काही नाही, डॉक्टर. घरचं. समुद्रातली तांबडी. रोज देतो मी, तीन वेळा. तिच्या गळ्यासाठीच."

सूनबाईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "गळ्यासाठी?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "काका, बसा," त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजानेच कप्तानांना कळलं की आता काहीतरी वाईट ऐकायचं आहे. "ही ग्रंथी आयोडीनवर चालते. यांच्या गावाकडच्या मातीत, पाण्यात ते जवळजवळ नाहीच. म्हणजे ही ग्रंथी लहानपणापासून उपाशी. मिळेल तेवढं ओढून घ्यायचं, एवढंच तिला माहीत. तिच्यातल्या काही गाठी आता कुणाचं ऐकत नाहीत, आयोडीन मिळालं की सुसाट सुटतात. आणि समुद्राच्या शेवाळात आयोडीन भरपूर. तुम्ही उपाशी माणसापुढे रोज अख्खं कोठार उघडून ठेवलंत."

"म्हणजे मी केलं हे?"

"तुम्ही काळजी केलीत. लहानपणी यांना थोडं थोडं आयोडीन मिळालं असतं, तर ही गाठ कदाचित झालीच नसती. त्या अर्थाने तुमचं अगदीच चूक नाही. पण आता उशीर झालाय, आणि प्रमाण फार झालंय. तांबडी पूर्ण बंद. गोळ्या देते. थरथर लवकर कमी होईल, बाकीचं व्हायला महिने लागतील."

"हात येतील?" सूनबाईने विचारलं.

"येतील."

तिचा जीव भांड्यात पडला. कप्तानांचा मात्र कुठेच पडायला तयार नव्हता. घरी आल्यावर त्यांनी एकेक बरणी उतरवली आणि सगळी तांबडी कचऱ्याच्या डब्यात ओतली. मग हात धुतले, एप्रन खुंटीला अडकवला आणि आपल्या खोलीत जाऊन बसले.

"बाबा, जेवायचं काय?" मुलाने विचारलं.

"मी स्वयंपाक सोडला," आतून उत्तर आलं. "माझ्या हातचं खाऊ नका कुणी."

मुलाला वाटलं, दोन दिवसांचा राग आहे. पण आठवडा गेला तरी कप्तान चुलीकडे फिरकले नाहीत. मुलगा कामावरून येऊन स्वयंपाक करायला लागला. क्रेनने टनावारी लोखंड अलगद उतरवणाऱ्या त्या हातांना अंडं फोडता यायचं नाही. सूप म्हणजे कोमट पाण्यात पोहणारे बटाटे, मासा म्हणजे बाहेरून कोळसा आणि आतून समुद्र. वर पुन्हा भांडी. एका संध्याकाळी हातातलं पातेलं आपटून तो ओरडला, "नुसते बसून काय राहिलात, बाबा? एवढं करून वर रुसायचं पण तुम्हीच? दुसऱ्याला विचारायचं नाही, सांगायचं नाही, आपलं कोंबत राहायचं! आईलाही शेवटी हेच पाजत होतात ना?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. पण शब्द परत घेता येत नाहीत. कप्तान उठले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

तो बाण बरोबर लागला होता, कारण कप्तान स्वतः तोच विचार करत होते. बायकोला अन्ननलिकेचा आजार होता. ते निरोप मिळताच जहाज सोडून आले, तेव्हा तिला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. तांबडीवर धरलेलं दूध मात्र गळ्यातून सरकायचं. शेवटपर्यंत त्यांनी तिला चमच्याने तेच भरवलं होतं. आजवर त्या आठवणीत त्यांना एकच सुख होतं, की आपल्या हातचं खाऊन ती गेली. आता तेच उलटून अंगावर आलं होतं.

पुढच्या तपासणीला सूनबाई निघाली तेव्हा कप्तान आपण होऊन कोट घालून उभे राहिले. तिला आत सोडून ते बाकावर बसले. तपासणी संपवून डॉक्टर बाहेर आल्या, तर हे वाटेत उभे.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले आणि अडले. टोपी या हातातून त्या हातात गेली. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. बायको, तिचा आजार, दूध, चमचा. "तिलाही मीच... तसं तर नाही ना?"

डॉक्टरांनी हातातली फाईल काखेत धरली. "मी त्यांना तपासलेलं नाही, म्हणून छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगताय तो आजार मला माहीत आहे. त्यांना आजाराने नेलं, काका. पाणी उतरत नव्हतं तिथे दूध उतरलं, म्हणजे त्या उपाशी गेल्या नाहीत. या आजारात सगळ्यांना तेवढंही मिळत नाही."

कप्तानांनी मान हलवली. वळून बघतात तर सूनबाई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

घरी पोचल्यावर तिने कोटही न काढता खुंटीवरचा एप्रन काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"मला भूक लागली आहे," ती म्हणाली. "तुमच्या मुलाच्या हातचं आणखी एक दिवस खाल्लं, तर मी थायरॉईडने नाही, त्यानेच जाईन."

"पोरी, मला तांबडीशिवाय येतं काय?"

"येईल. बटाटे सोला."

कप्तानांनी बटाटे सोलायला घेतले. ती समोर स्टुलावर बसली. तिच्या हातांची थरथर आता निम्म्यावर आली होती. सुरी मात्र तिने घेतली नाही.

"मी रागावले आहे तुमच्यावर," ती म्हणाली.

"रागावणारच. तुझे हात..."

"हातांसाठी नाही. हात तुम्ही मुद्दाम बिघडवलेत का? मी रागावले, कारण तुम्हीही तेच केलंत. सगळे गळ्याकडे बघतात आणि बोलतात भलतंच. दुकानदार बघतो, गिऱ्हाइकं बघतात. मला वाटायचं, या घरात एक माणूस आहे, जो बघत नाही. आणि तुम्ही तर रोज मोजत होतात!"

कप्तानांच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

"मला विचारायचं होतंत. मी सांगितलं असतं."

मग कप्तान जहाजावरून आल्यापासूनच्या सगळ्यांत हलक्या आवाजात म्हणाले, "बरं, आता विचारतो. दुखतो का गं?"

"दुखत नाही. घट्ट वाटतं, कॉलरचं बटण वरचं लावलं की. झोपताना उशी उंच लागते." आणि मग ती सांगतच गेली. आईला आहे, आत्याला होता, शाळेत पुढच्या बाकावरच्या मुलीला होता. गावात कुणी त्याला आजार म्हणतच नसे. इथे समुद्राकाठी येऊन सगळ्यांचे सपाट गळे बघितले तेव्हा पहिल्यांदा तिला लाज वाटली. कप्तान ऐकत राहिले. बटाट्यांबरोबर कांदे आले, ते तेलात परतले गेले, दूध पडलं, मिरी पडली. त्यांनी चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. "काहीतरी कमी आहे."

तिने चव घेतली. वाटी भरून घेतली. पुन्हा भरून घेतली. "बाबा, खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"मला ती तांबडी कधीच आवडली नाही. पहिल्या दिवसापासून. बंदरातला दोर चावल्यासारखी लागते."

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का कप्तानांना आता बसला. "कधीच नाही? ते दुधातलं पण?"

"ते तर मुळीच नाही."

"मग खात का होतीस?"

"तुम्ही एवढ्या प्रेमाने द्यायचात. नाही कसं म्हणू?"

कप्तान तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायची वेळ आली आणि तेवढ्यात मुलगा कामावरून आला. चुलीवर सूप, बाप एप्रनमध्ये, बायको तिसरी वाटी भरतेय. तो दारातच थांबला. "बाबा, त्या दिवशी मी..."

"हात धुऊन ये," कप्तान म्हणाले. "आणि यापुढे स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. सगळीकडे पाण्याचं तळं करून ठेवलंयस."

सूनबाईचे हात आले. लगेच नाही. आधी पट्टे, मग भिंतीवरची मोठी घड्याळं, आणि झाडांना पालवी फुटायच्या सुमारास ती पुन्हा भिंग लावून आपल्या टेबलावर बसली. त्या बाईंच्या जुन्या घड्याळाला तिने दुसऱ्या बंद घड्याळातली स्प्रिंग बसवली. थोडं मागे पडतं, पण चालतं. गळ्याची गाठ आहे तशीच आहे. डॉक्टर तिच्यावर लक्ष ठेवून आहेत.

कप्तान पुन्हा खडकांवर जायला लागले, पण आता तांबडीसाठी घरात एकच बरणी, आणि ती ते एकटेच खातात. शेजारणीने खोकल्यासाठी काढा मागितला तर तिला आधी उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. गळ्याला काही आहे का, गोळ्या कुठल्या चालू, डॉक्टरला विचारलं का? "कप्तान, काढा मागतेय, नोकरी नाही!" ती एकदा वैतागून म्हणाली.

उन्हाळ्यात डोंगराकडून सूनबाईची आई पहिल्यांदाच राहायला आली. वाळलेली, भित्र्या डोळ्यांची बाई. भर उकाड्यात गळ्याभोवती जाड रुमाल गुंडाळलेला आणि रुमालाखाली लिंबाएवढी गाठ. जेवायला सगळे टेबलाशी बसले. कप्तानांनी सूप वाढलं, स्वतःची खुर्ची ओढली आणि सरळ विचारलं, "विहीणबाई, गळ्याला काही औषध चालू आहे का?"

मुलाला ठसका लागला. त्याने टेबलाखालून वडिलांना पाय मारला. सूनबाईने टेबलाखालून त्याला पाय मारला.

विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला. आधी लेकीकडे बघितलं, मग कप्तानांकडे. "औषध कुठलं?" त्या म्हणाल्या. "आजवर कुणी विचारलंच नाही." मग त्यांनी रुमालाची गाठ सोडली, तो घडी करून मांडीवर ठेवला आणि बोलायला लागल्या. कुठल्या साली सुरू झालं, बाळंतपणात कसं वाढलं, गिळताना कुठे अडतं. कप्तान मध्ये मध्ये "बरं" म्हणत होते आणि आणखी विचारत होते. मुलाला दोनदा उठून सूप गरम करून आणावं लागलं.